पालेभाजीला देतो ते पाणी तपासायचं कसं? विहीर, कालवा आणि जुड्या धुण्याचा हौद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोणी काळभोरच्या पुढे दीड एकरात पालक, मेथी, कोथिंबीर आहे. विहीर आणि कालवा, दोन्हींचं पाणी मिळतं. माल थेट हडपसरच्या सोसायट्यांत जातो. तिथल्या एका ताईंनी पाण्याचा रिपोर्ट मागितला, तुम्ही माती-पाणी परीक्षणाचा 'सिंचनास योग्य' असा कागद दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हा नाही." मग कोणती तपासणी करायची आणि किती वेळा?

मी याच पट्ट्यात पालेभाजी करतो आणि आमच्या गटाचे पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत नेण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या ताईंचं म्हणणं बरोबर आहे. तुमच्याकडचा कागद पिकाच्या तब्येतीचा आहे, खाणाऱ्याच्या नाही. त्यात सामू (पीएच), ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप), सोडियमचं प्रमाण आणि फार तर बोरॉन असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाचं पाणी 'ई' वर्गात येतं. तिथेही सामू 6 ते 8.5, ईसी 2250 पर्यंत, सोडियमचं गुणोत्तर 26 आणि बोरॉन लिटरला 2 मिलिग्रॅम एवढंच पाहतात. जंतूंचा त्यात उल्लेखच नाही. उसाला, ज्वारीला तेवढं पुरतं. कोथिंबीर मात्र कच्ची खाल्ली जाते, तिथे नाही पुरत.

तुम्हाला हवी ती तपासणी ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जंतूची, आणि तीही आकड्यात. प्रयोगशाळेत 'बॅक्टेरियाची टेस्ट करा' एवढंच सांगितलंत तर बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याची तपासणी होते आणि रिपोर्टवर 'आढळले' किंवा 'आढळले नाही' असं येतं. कालव्याच्या पाण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही, कारण तिथे आढळणारच. 100 मिलिलिटरमध्ये किती, ते लिहून मागा. पाणी कालव्याचं आहे हे आधीच सांगा, म्हणजे ते नमुना पातळ करून लावतील. नाहीतर '1600 पेक्षा जास्त' असा शेरा येतो आणि ते दोन हजार आहेत की दोन लाख, काहीच कळत नाही. आणखी एक. रिपोर्टवर 'टोटल कोलिफॉर्म' जास्त दिसले म्हणून लगेच घाबरू नका. त्यातले बरेच मातीत, पाल्यापाचोळ्यात आपसूक असतात. ई. कोलाय मात्र माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून येतो, म्हणून लक्ष त्याच्यावर ठेवायचं.

नमुना घेण्यातच निम्मी तपासणी आहे. बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, निर्जंतुक केलेली. घरची बिसलेरीची बाटली चालत नाही. मोटर दहा मिनिटं चालू ठेवा, पाईपचं तोंड स्पिरिटने पुसा, बाटली खळबळू नका, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका आणि वर इंचभर जागा सोडा. पाण्यात क्लोरीन टाकलेलं असेल तर तसं सांगा, त्यासाठी क्लोरीन मारणारं औषध घातलेली वेगळी बाटली मिळते. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोचवा. पुण्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळाही इथेच आहे, शिवाय एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या खाजगीही आहेत. आधी फोन करून सूक्ष्मजीव तपासणीचे नमुने कोणत्या वारी घेतात ते विचारा. शनिवारी दुपारी नेलेली बाटली सोमवारपर्यंत तशीच पडली तर रिपोर्ट खोटा येईल.

पण खरं सांगू का, बाटली भरण्याआधी पाण्याच्या उगमाकडे चालत जा. रिपोर्ट त्या एका सकाळचा असतो, पाणी रोज बदलतं. अमेरिकेतही भाजीपाल्याच्या पाण्याच्या नियमात आधी 100 मिलिलिटरला सरासरी 126 ई. कोलाय आणि वरची मर्यादा 410 असे आकडे होते. 2024 साली काढणीआधीच्या पाण्यासाठी ते आकडे काढून टाकले. त्याऐवजी दर वर्षी उगम, आजूबाजूची जमीन, जनावरं, पाणी द्यायची पद्धत हे सगळं पाहून निर्णय घ्यायचा, असं ठरलं. त्यामागे 2018 मध्ये रोमेन लेट्यूस या कच्च्या खायच्या पाल्यातून पसरलेली साथ होती. ॲरिझोनातल्या युमा भागात कालव्याच्या पाण्यात घातक ई. कोलाय सापडला, जवळच जनावरांचा मोठा गोठा होता. 210 लोक आजारी पडले, पाच दगावले. आपल्याकडे 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हा पहिली चौकशी पाण्याचीच झाली आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. तोही विष्ठेतूनच पसरतो.

तुमच्या बाबतीत आधी बघायचं ते कालव्याचं. नव्या मुठा उजव्या कालव्यातून खडकवासल्याचं पाणी येतं, पण ते शहरातून वाहत येतं. बेबी कालवा असेल तर गोष्टच वेगळी. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीचं पाणी पंपाने उचलायची विहीर) मुळा-मुठेचं उचललेलं पाणी त्यात सोडतात, म्हणजे ते शहराने वापरून सोडलेलं सांडपाणी मिसळलेलं पाणी आहे. ते पालेभाजीच्या पानावर पडता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ऊस असेल तर तिकडे वळवा. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटल्यावर चारीला येणारं पहिलं पाणी एकदा उभं राहून बघा: फेस, पिशव्या, काळा गाळ. ते तरी नक्कीच जाऊ द्या.

विहीर स्वच्छच असते असं धरून चालू नका. आपल्या भागात मुरूम आणि खाली भेगाळलेला काळा दगड आहे, त्या भेगांतून पाणी गाळून न निघता सरळ उतरतं. शेजारच्या घराचा शोषखड्डा, गोठ्याची मोरी, उकिरडा किती अंतरावर आहे आणि विहिरीच्या वरच्या अंगाला आहे का, ते पाहा. कठडा जमिनीच्या वर दोन-तीन फूट हवा आणि भोवती उतार बाहेरच्या बाजूला. आमच्या गटातल्या एका विहिरीचा उन्हाळ्यातला रिपोर्ट नीट होता आणि पहिल्या पावसानंतरचा बिघडला. जाऊन पाहिलं तर कठड्याला पाईपसाठी पाडलेल्या भोकातून गोठ्यासमोरचं पाणी थेट आत पडत होतं, दगडावर त्याचा हिरवा ओघळ स्पष्ट दिसत होता. भोक सिमेंटने बुजवलं, चर काढून पाणी वळवलं, विहिरीत ब्लीचिंग केलं आणि नंतरचा नमुना सुधारला.

म्हणून किती वेळा तपासायचं याचं उत्तर: विहिरीचं पहिल्या वर्षी चार वेळा. त्यातला एक नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतरचा आणि एक मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावरचा घ्या. चारही चांगले आले तर पुढे वर्षातून एकदा, पावसाळ्यातच. कालव्याचं पाणी आवर्तन सुरू असताना तपासायचं. नदीचं पाणी मिसळत असेल तर जड धातूंची तपासणीही एकदा करून घ्या, ती थोडी महाग पडते.

आकडा किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी 100 मिलिलिटरला 1000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि लिटरला जंताचं एक अंडं, अशी मर्यादा सुचवली होती. मी स्वतः वर दिलेला 126 चा जुना आकडा अंदाजाला धरतो. त्याच्या वर गेलं तर रेनपाईप आणि तुषार बंद, फक्त ठिबक, आणि शेवटचं पाणी ते काढणी यात किमान चार दिवसांचं अंतर. ऊन आणि वाऱ्याने पानावरचे जंतू मरतात, पण सगळे नाहीत, आणि जंतांची अंडी तर टिकून राहतात.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते: जुड्या धुण्याचं पाणी. शेतात चांगलं पाणी द्यायचं आणि काढणी झाल्यावर ओढ्यात किंवा गढूळ हौदात जुड्या बुचकळायच्या, म्हणजे सगळं मुसळ केरात. एक घाण जुडी हौदातल्या बाकी सगळ्या जुड्यांना लागते. इथे मर्यादा एकच: 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्य, म्हणजे पिण्याच्याच पाण्याची. जुड्यांवर मारायचं पाणी, ओलं गोणपाट, बायकांनी हात धुवायचं पाणी, सगळं यातच धरा. हौदात क्लोरीन 50 पीपीएम (लिटरला 50 मिलिग्रॅम) ठेवायचं तर 25 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 100 लिटरला 20 ग्रॅम. आधी बादलीत कालवून निवळू द्या, वरचं निवळ तेवढं ओता आणि क्लोरीन मोजायच्या पट्टीने मोजा. माती मिसळली की क्लोरीन संपतं, म्हणून पाणी गढूळ झालं की बदलायचं, पुन्हा पावडर टाकत बसायचं नाही. नंतर साध्या पिण्याच्या पाण्यातून एकदा काढा. हे जमणार नसेल तर धुऊच नका. माती झटकून, कोरड्या जुड्या क्रेटमध्ये भरून पाठवा आणि गिऱ्हाइकाला सांगा की न धुतलेली आहे, घरी नीट धुऊन घ्या.

त्या ताईंना आता लगेच काही दाखवायचं असेल तर पहिली बाटली हौदाला येणाऱ्या नळाची भरा, दुसरी विहिरीची. कालव्याची तिसरी. रिपोर्टची प्रत सोसायटीच्या ग्रुपवर तारखेसकट टाका आणि कालव्याचं पाणी कोणत्या पिकाला देता तेही लिहा.