पहिला फ्रंट विंग कुठला घ्यायचा

अरे भावा, फॉइल बोर्डला, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर वर उचलला जाणारा बोर्ड, त्याला पहिला फ्रंट विंग (पुढचा मोठा पंख) कुठला घ्यायचा विचारतोयस ना, तर आधी हे सांग, तुला लाटेवर वळायचंय का वाऱ्यासोबत लांब जायचंय? दोन्हीला एकच विंग म्हणशील तर कुठेतरी मन मारावं लागणारच. आणि नुसता एरिया बघून घेऊ नकोस, मी तोच गाढवपणा केलेला. स्पॅनचा, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीचा, वर्ग कर, एरियाने भाग, तो झाला आस्पेक्ट रेशो. म्हणजे ८० सेमी स्पॅन आणि ९०० चौ. सेमी असेल तर ७ च्या आसपास, हा सर्फला मस्त, पटकन कलतो, आणि लाटेत जोर असतोच त्यामुळे ग्लाइड (जोर न लावता पुढे सरकत राहणं) जरा कमी पडला तरी चालतं. ११० सेमी आणि ११०० म्हणजे ११, हा डाउनविंडचा, म्हणजे वाऱ्यासोबत लांब जायचा. एका लाटेवरून पुढची पकडताना मधे जो मेलेला पट्टा येतो ना, तिथे हाच तारतो, पण वळवायला जड, आणि स्पीड पडला की काही न सांगता स्टॉल, म्हणजे विंगची उचल एकदम जाते, धप्पकन पाण्यात.

इकडे पर्थला उन्हाळ्यात दुपारी फ्रीमँटल डॉक्टर (समुद्रावरून येणारा वारा) सुटला की सगळे डाउनविंडलाच निघतात, म्हणून मीही पहिल्याच महिन्यात लांब विंग घेतला. वजन ८० किलो, एरिया ८५०. पॅडल मारून मारून खांदे गेले, बोर्ड काही उठेना! तुझं वजन तेवढंच असेल तर सुरुवातीला ११०० ते १३०० बघ, नंतर कमी कर.

शक्यतो कुणाचा तरी विंग उसना घेऊन एक दिवस चालवून बघ, फक्त तुझ्या फ्यूजलाजला (विंग ज्याला जोडतात तो पाण्याखालचा आडवा दांडा) बसतो का ते आधी विचार, वेगळ्या ब्रँडचे बहुतेक बसत नाहीत.