शेडच्या आधी खेळत्या भांडवलाचं बघा

दादा, तुमची पोस्ट वाचली. लातूरच्या औशाकडची शेतकरी उत्पादक कंपनी, तीनशे सभासद, गोदाम आणि सफाई-प्रतवारी युनिटला सरकारी अनुदानाची मंजुरी, आणि मुदत कर्ज उचलून दिवाळीआधी बांधकाम काढायचं का हा प्रश्न. आमचं इथवर सगळं असंच होतं, फक्त तालुका वेगळा. नोंदणी, शेअर्स, लेखापरीक्षण हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

माझं मत: इतक्यात काढू नका. अशा योजनांत बहुतेकदा आधी खर्च, मग बिलं, मग तपासणी, मग अनुदान. तोवर व्याज चालूच. आमचं प्रकरण ज्या कार्यालयात होतं (नाव घेत नाही, अजून कामं तिथंच पडतात) तिथं कुणी पैसे मागितले नाहीत, उगाच बदनामी नको. पण त्रुटी एका वेळी एकच निघायची. जिओ-टॅग फोटोत (जागेचं ठिकाण नोंदवणारा फोटो) योजनेचा फलक अर्धाच दिसतो म्हणून फाईल परत. फोटो नवा दिला, तर जोत्याचं माप अंदाजपत्रकाशी जुळत नाही. ते निस्तरलं तोवर साहेबांची बदली, आणि नव्या साहेबांची पहिल्यापासून तपासणी. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा असं लेखी दिलं होतं, त्याची फक्त पोच मिळाली.

तेवढ्यात सोयाबीन निघालं. शेड उभं, यंत्र बसलेलं, खरेदीला खात्यात दमडी नाही. कॅश क्रेडिट (खरेदीसाठी बँकेची उचल मर्यादा) मागितलं तर बँकेला तीन वर्षांचे ताळेबंद हवेत, नाहीतर संचालकांचे सातबारे. सभासद आमच्या दारावरून माल आडतीवर घेऊन गेले. आडत्याने त्याच दिवशी रोख पट्टी दिली. त्यांना काय बोलणार?

हिशेब करून बघा. 2020 च्या दहा हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत सभासदाच्या भागभांडवलाइतकंच अनुदान मिळतं, माणशी जास्तीत जास्त 2,000 रुपये. तीनशे जणांचे 6 लाख, सरकारचे 6 लाख. 2024-25 च्या 4,892 रुपये हमीभावाने यात साधारण 245 क्विंटल सोयाबीन येतं. माणशी एक क्विंटलही नाही! दांडेकर समितीने 1984 मध्ये मागास भागांचा विकासाचा अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, वीज वगैरेंचा. 1991 च्या उदारीकरणानंतर सरकारने सांगितलं, बाजार बघून घेईल. आता सरकार परत आलंय, पण पुन्हा सिमेंट-पत्रे घेऊनच, कारण शेडचं उद्घाटन होतं, कॅश क्रेडिटचं होत नाही. मराठवाड्यात नडतो तो हंगामातला दोन-तीन महिन्यांचा पैसा. (हे माझं मत, अभ्यासकांनी खुशाल खोडावं.)

तुमच्या जागी मी आधी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बघेन: बाजार समितीमार्फत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, 6 टक्के व्याज. समितीकडे निधी शिल्लक आहे का ते मात्र आधी विचारा. तूर करायची असेल तर स्वतःची मिल कशाला? लातुरात डाळमिली ढिगाने आहेत, मजुरीवर डाळ करून घ्या. कर्ज घ्यायचंच ठरलं तर कृषी पायाभूत सुविधा निधीतून घ्या, 2 कोटींपर्यंत व्याजात 3 टक्के सवलत आहे. पतहमीचं (कर्ज बुडालं तर बँकेला मिळणाऱ्या हमीचं) परिपत्रक छापून सोबत न्या, आमच्या शाखेत कुणाला ते माहीतच नव्हतं.

आणि चांगला ओलावामापक आजच घ्या. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की कटती (कपात) कशी लागते ते सभासदासमोर मोजून दाखवलं की निम्मी भांडणं मिटतात.

मी सीए नाही, बँकवालाही नाही. योजनांच्या अटी बदलतात, ताजं परिपत्रक बघूनच ठरवा. एवढं मात्र पक्कं, एओसी-4 (कंपनीचे वार्षिक हिशेब) आणि एमजीटी-7 (वार्षिक विवरणपत्र) वेळेत भरा. उशीर झाला तर दर फॉर्ममागे रोज 100 रुपये, आणि तिथं कुणी त्रुटी-बिटी काढत बसत नाही. मंजुरीपत्रातलं अनुदान वितरणाचं कलम इथे टाका, नावं झाकून. टप्पे बघून पुढचं सांगतो.