अंडं गेलं, दूध गेलं, मग केक उभा कशावर राहणार?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं ॲलर्जी आणि पथ्याच्या गोड पदार्थांबद्दल आहेत. त्यातली पाच निवडली आहेत.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दूध आणि अंडं दोन्हींची ॲलर्जी आहे. वाढदिवसासाठी अंड्याऐवजी केळं आणि दुधाऐवजी सोया दूध घालून दोनदा केक केला. दीड कप मैद्याला दोन चमचे बेकिंग पावडर आणि एक चमचा सोडा घातला. दोन्ही वेळा ओव्हनमध्ये मस्त फुगला आणि बाहेर काढल्यावर मधोमध खड्डा पडला. सोया दुधाऐवजी घरचं साजूक तूप जास्त घातलं तर चालेल का? त्यात दूध कुठे असतं? (दादर)

उत्तर : आधी तुपाचं. नाही चालणार. लोणी कढवल्यावर बेरी खाली बसते आणि आपण तूप गाळून घेतो खरं, पण दुधातल्या प्रथिनांचा अंश तुपात उरतोच, आणि ॲलर्जी असते ती या प्रथिनांचीच. ज्यांना दूध नुसतं पचत नाही, म्हणजे लॅक्टोजचा त्रास असतो, त्यांना तूप बहुधा चालतं. दोन्ही त्रासांना आपण सरसकट 'दूध सोसत नाही' म्हणतो, तिथे ही गल्लत होते.

आता खड्डा. अंडं केकमध्ये जिन्नस बांधून ठेवतं आणि भाजताना घट्ट होऊन केकला सांगाडा देतं. केळं बांधण्याचं काम करतं, सांगाडा देत नाही, उलट ओलावा आणि वजन वाढवतं. त्यात तुम्ही सोडा आणि पावडर दोन्ही सढळ हाताने घातलीत. बुडबुडे भराभर मोठे झाले, मैदा शिजून घट्ट होण्याआधीच फुटले आणि केक बसला. पोकळी धरून ठेवायला खाली काही नव्हतंच.

दोन्ही जिन्नस वर्ज्य असताना पर्याय जोडत बसू नका. ज्या केकमध्ये मुळात अंडं-दूध नसतंच, तो करा. आठ इंची गोल डब्यासाठी : मैदा १९० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, गोड नसलेला कोको २५ ग्रॅम, सोडा १ टीस्पून (सपाट), मीठ पाव टीस्पून, पाणी २४० मिली, वास नसलेलं तेल ७५ मिली, व्हिनेगर १ टेबलस्पून, व्हॅनिला १ टीस्पून.

ओव्हन आधी १८० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. डब्याला तेलाचा हात लावून तळाला बटर पेपर घाला. हे सगळं मिश्रण कालवण्याआधी, कारण व्हिनेगर सोड्याला भेटलं की लगेच फसफसतं आणि हवा वाया जायला लागते. कोरडे जिन्नस दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर केकमध्ये तपकिरी कडू ठिपका येतो. पाणी, तेल, व्हॅनिला एकत्र करून त्यात ओता, हलकं कालवा, शेवटी व्हिनेगर घाला आणि गुठळ्या मोडल्या की थांबा. फेटत राहिलात तर मैद्यातलं ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) ताणलं जाऊन केक चिवट होतो. मिश्रण पातळसर दिसेल, तसंच असतं. ३० ते ३५ मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. कडा डब्यापासून सुटल्या आणि मधोमध घातलेली काडी कोरडी निघाली की झाला. व्हिनेगरचा वास राहत नाही.

खरी फसगत सजावटीत होते. क्रीमच्या पाकिटावर 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सोडियम केसिनेट. केसिनेट म्हणजे दुधाचंच प्रथिन. 'व्हे' आणि 'मिल्क सॉलिड्स' हे शब्दही शोधा. आपल्याकडे पाकिटावर दूध, अंडं, गहू, सोया, शेंगदाणा, सुकामेवा यांची वेगळी नोंद करणं बंधनकारक आहे, ती ओळ रोज वाचायची सवय लावा. नेहमीच्या ब्रँडचा फॉर्म्युलाही बदलतो. वरून लावायला दूध नसलेलं डार्क चॉकलेट १५० ग्रॅम आणि नारळाचं दाट दूध १०० मिली पुरे. नारळाचं दूध गरम करा, उकळी येऊ देऊ नका, चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटांनी ढवळा.

'भाजल्यावर अंड्या-दुधाची ॲलर्जी जाते' असं कुणी सांगितलं तर घरी करून बघू नका. काही मुलांना भाजलेलं चालतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तपासायचं असतं.

प्रश्न : जाऊबाईंना सिलिॲक आहे, म्हणजे ग्लुटेन अजिबात चालत नाही. त्यांच्यासाठी ज्वारी-नाचणीचा केक केला तर सुरी लावताच भुगा झाला. खपली गहू चालतो असं ऐकलं, खरं का? (मुलुंड)

उत्तर : खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं. कुणाला तो पचायला हलका वाटत असेल, पण सिलिॲकमध्ये तो वर्ज्य. रवा, दलिया आणि जवसुद्धा वर्ज्य. (जवस मात्र वेगळं. त्यात ग्लुटेन नसतं.) केकशी संबंध नसला तरी फोडणीच्या हिंगाची डबीही बघा, बांधानी हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं.

पीठ गिरणीतून आणत असाल तर ते थांबवा. 'ज्वारीवर ज्वारी' दळून घेतली तरी जात्यात आणि पिशवीत आधीच्या गव्हाचं पीठ उरलेलं असतं, वर सगळ्या गिरणीत ते उडत असतंच. आपल्याकडे 'ग्लुटेन-फ्री' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीतल्या एका चिमटीत ती सहज ओलांडली जाते. तसं लिहिलेलं पाकीट घ्या, किंवा धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळा. मैद्याची चाळण मात्र त्यांच्यासाठी वापरू नका. जाळीत अडकलेलं पीठ धुऊन निघत नाही. शंभर रुपयांच्या आसपास दुसरी मिळते.

भुग्याचं कारण सरळ आहे. ग्लुटेनचं जाळं नाही, म्हणून बांधायला दुसरं काही हवं, आणि ते आपल्या घरात असतंच : इसबगोल. हे प्रमाण बसतं : मोदकाची तांदूळ पिठी १०० ग्रॅम (साध्या तांदळाच्या पिठापेक्षा बारीक असते, दाताखाली कचकच लागत नाही), ज्वारी ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, इसबगोल ५ ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, दही १२० ग्रॅम, दूध ६० मिली, तेल ८० मिली, अंडी २, बेकिंग पावडर दीड टीस्पून, सोडा पाव टीस्पून, चिमूटभर मीठ.

पावडर आणि सोडा सोडून सगळं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. या पिठांना पाणी प्यायला वेळ लागतो, ती वीस मिनिटं टाळू नका. मग पावडर-सोडा चाळून मिसळा आणि लोफच्या डब्यात १७० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचं नाही. गरम असताना आतला स्टार्च घट्ट झालेला नसतो, त्यामुळे भाजलेला केकही कच्चा, गिच्च वाटतो. नाचणी घालायची तर ज्वारीच्या निम्मी, त्याहून जास्त झाली की केक कोरडा पडतो.

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे. साखरेऐवजी सेंद्रिय गूळ घातला तर केक बिनधास्त देता येईल ना? (बोरिवली)

उत्तर : नाही. गूळ ही मुख्यतः साखरच, सेंद्रिय असला तरी रक्तातली साखर वाढवणारच. खजुराचंही तेच. एरवीच्या केकमध्ये साखर पाव हिश्शाने कमी करा, कुणाला कळत नाही. त्याहून कमी केलीत तर केक कोरडा आणि फिकट होतो, कारण साखर ओलावा आणि रंगही देते. बाकी तुकडा लहान कापा, आणि किती चालेल ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलीला बदाम-काजू चालत नाहीत, म्हणून नानखटाईत सूर्यफुलाच्या बियांची पूड घातली, सोडा अर्धा चमचा. दुसऱ्या दिवशी तोडून पाहिलं तर आतून हिरवीगार! बुरशी आली का? (परळ)

उत्तर : बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक ॲसिड असतं, सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी त्याची गाठ पडली की हिरवा रंग येतो. गार होताना तो चढत जातो, म्हणून भट्टीतून काढताना दिसला नाही. अपायकारक नाही, पण असली नानखटाई मुलं हातात घेणार नाहीत हेही खरं. सोडा काढून टाका, त्याऐवजी अर्धा टीस्पून बेकिंग पावडर घाला आणि तूप फेसताना एक टीस्पून लिंबाचा रस. बिया वाटताना थोडी साखर घालून मिक्सर थांबवून थांबवून फिरवा, सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो.

बदामाला पर्याय म्हणून चारोळी घेण्याआधी थांबा. चारोळी काजूच्याच कुळातली आहे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय नको. भोपळ्याच्या बिया किंवा मगज बघा, त्याही पहिल्यांदा अगदी थोड्या. आणि दिवाळीत गल्लीतल्या बेकरीत पत्रे भाजायला देता, तेवढं या वेळी टाळा. त्याच पत्र्यांवर शेजारच्यांची बदाम-पिस्त्यांची नानखटाई भाजून निघालेली असते.

प्रश्न : पावसाळ्यात नाचणीची बिस्किटं दोन दिवसांत सादळतात. गूळ घातला की जास्तच. (कुर्ला)

उत्तर : गूळ हवेतला ओलावा खेचतो, मुंबईच्या जुलैत तर बघायलाच नको. जून ते सप्टेंबर निम्मा गूळ काढून पिठीसाखर घाला. बिस्किटं जाळीवर पूर्ण गार करूनच डब्यात भरा, कोमट भरलीत तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. सादळलेली असतील तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा, गार झाली की पुन्हा कुरकुरीत होतात. बेकिंग पावडरही तपासा : अर्धा कप गरम पाण्यात एक टीस्पून टाका, जोरात फसफसली नाही तर डबी टाकून द्या.