नर्सने युनियनमध्ये जावं का?

रत्नागिरीत खासगी हॉस्पिटलात दीड वर्ष झालंय, सोबतच्या सिस्टर युनियनचा फॉर्म भर म्हणतात, घरचे नको म्हणतात. पगार वाढेल का आणि काढून तर टाकणार नाहीत ना, असं विचारलंयस. मी २००६ ची जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, वयाने मोठी, म्हणून अगंतुगं करते. भर फॉर्म.

माझ्याही घरचे नको म्हणायचे. बाबा मुंबईला कापडगिरणीत होते, स्पिनिंगखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि वर्ष उलटल्यावर बाबा ट्रंक घेऊन मालवणला परत आले ते कायमचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट बजावली, "युनियनीन आमचा वाटोळा केल्यान. तू त्या भानगडीत पडू नको." मी पडले नाही. पहिली आठ वर्षं मान खाली घालून ड्युटी केली.

मग तो गणपती आला. निम्मा स्टाफ रजेवर, मला रजा नाही. मेल वॉर्डात अठ्ठावीस पेशंट, नाईटला मी आणि एक मावशी. अकरा नंबरच्या बेडची साईड रेल तुटलेली होती, गॉजच्या पट्टीने बांधून ठेवलेली. त्या आठवड्यात दोनदा मी ओव्हरबुकात, म्हणजे ड्युटी बदलताना लिहायच्या वहीत, लिहिलं होतं, 'बेड ११, रेल दुरुस्त करणे', खाली सही आणि वेळ. पहाटे तीनला मी समोरच्या पेशंटचं सलाईन बदलत होते आणि धप्प आवाज आला. सत्तरीचे आजोबा, खुबा मोडला. पट्टी लोंबत होती, गाठ तशीच.

सकाळी नातेवाईक केबिनमध्ये ओरडत होते. दुपारी मला आत बोलावलं. टाईप केलेला कागद तयार होता, 'माझ्या निष्काळजीपणामुळे'. मी ओव्हरबुक आणते म्हटलं तर ते म्हणे वर ऑफिसात गेलंय. माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याच कपाटात, नोकरी सोडणार नाही या बॉण्डचे सात महिने बाकी. समोर तिघं बसलेले, मी एकटी उभी. सही केली. पुढचे चार महिने पगारातून पैसे कापले. पैशांचं सोड, ते 'माझ्या' मला अजून खुपतं. बरोबरच्या सगळ्या सिस्टरांना ती रेल माहीत होती. दरवाज्यापर्यंतसुद्धा कोणी आली नाही, कारण प्रत्येकीला वाटलं, आपलाही कागद तयार असेल.

त्यानंतरच्या हॉस्पिटलात युनियन होती. तिथे एका मुलीला इंजेक्शनच्या वेळेवरून मेमो आला. आम्ही पाच जणी तिच्याबरोबर गेलो. खुलासा तिने स्वतःच्या अक्षरात लिहिला, चार ओळी, घडलं तेवढंच, आणि एक प्रत शिक्का मारून घेतली. पंधरा मिनिटांत विषय संपला.

आता पगार. युनियनमध्ये गेलीस की पुढच्या महिन्यात वाढतो असं नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच सांगितलंय की पन्नास खाटांपर्यंतच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान वीस हजार हवेत, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. तुझ्याकडे लागू झालं का ते तूच बघ. केरळात नर्स २०११ पासून संघटित झाल्या, २०१७ ला संपावर गेल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला वीस हजारांचं किमान वेतन जाहीर करावं लागलं. समितीचा कागद सगळ्या देशासाठी होता.

बाबांशी मी हे खूप भांडले. गिरणीत असताना ते दर गणपतीला गावी यायचे, बोनस घेऊन. ती रजा आणि तो बोनस मालकांनी माया करून दिलेला नव्हता. संप भलताच लांबला, मालकांना गिरणीपेक्षा खालची जमीन मोलाची झाली, त्यात बाबांची नोकरी गेली. हे सगळं खरं. पण एकत्र आले म्हणून नोकरी गेली असं म्हणणं म्हणजे पूर आला म्हणून होडीला दोष देणं. त्यांना हे कधी पटलं नाही. मला त्या केबिनमध्ये एकटं उभं राहावं लागलं हे त्यांना सांगितलं तेव्हा मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

काढून टाकतील का? युनियनमध्ये गेली म्हणून काढणं महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यापासून अनुचित प्रथा मानली जाते. पण कारण दुसरं दाखवून त्रास देतातच, त्यामुळे एकटीने फॉर्म नेऊन देऊ नकोस. सात-आठ जणी एकाच दिवशी भरा.

आधी काही गोष्टी बघ, सगळ्याच युनियन चांगल्या नसतात. नोंदणी क्रमांक आहे का, वर्गणीची पावती मिळते का, निवडणूक होते का, की वर्षानुवर्षं एकच माणूस मॅनेजमेंटच्या चहाला जातो. ड्युटीवरच्या पेशंटला सोडून चला म्हणणाऱ्यांबरोबर जाऊ नकोस, आयसीयूची सोय आधी लावतात त्यांच्याबरोबर जा. सरकारी नोकरीत गेलीस तर नियम वेगळे, तेव्हा पुन्हा विचार.

आणि ओव्हरबुकात जे लिहितेस त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेव, पेशंटचं नाव झाकून. आजपासूनच.