मिरर बॅकअप दुसरीकडे उभा राहतो का?

प्रश्न: आमच्या पाचजणांच्या टीमचा कोड गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन सेवा) आहे. रोज रात्री मिरर बॅकअप (रिपॉझिटरीची, म्हणजे कोडच्या साठ्याची, इतिहासासकट पूर्ण प्रत) घेतो. उद्या गिटलॅब या तशाच दुसऱ्या सेवेवर जावं लागलं तर तेवढा पुरेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कोडचा इतिहास येईल, बाकी बरंच मागे राहील. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली. तिच्या ‘गिट क्लोन --मिरर’ या आज्ञेने ब्रँच (कामाच्या शाखा), टॅग (आवृत्त्यांच्या खुणा), कमिट (बदलांच्या नोंदी) सगळं येतं. इश्यू (अडचणींच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्टवरची (बदल सामील करण्याच्या विनंत्यांवरची) चर्चा मात्र गिटमध्ये नसतेच, ती गिटहबच्या डेटाबेसमध्ये असते. एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागवायची सोय) ती वेगळी उतरवून ठेवा. विकीचीही (प्रोजेक्टच्या माहितीची पानं) रिपॉझिटरी वेगळी असते.

31 जानेवारी 2017 ला खुद्द गिटलॅबचा डेटाबेस चुकून पुसला गेला. सुमारे 6 तासांतले इश्यू आणि कमेंट गेले, गिट रिपॉझिटरी मात्र शाबूत राहिल्या. हा फरक तेव्हा माझ्या मनात पक्का बसला.

मोठ्या फायली एलएफएसमध्ये असतील तर फार जपा. यात गिटमध्ये फक्त फाइलचा छोटा पत्ता राहतो, खरी फाइल सर्व्हरवर वेगळी असते. मी एकदा जुना मिरर दुसऱ्या मशीनवर उघडला, तर चित्रांच्या जागी तीन-तीन ओळींचा मजकूर: व्हर्शन, ओआयडी (फाइलची ओळख), साइज. मूळ अकाउंट तोवर बंद झालं होतं. एका मैत्रिणीची दोन वर्षांची रेखाटनं त्यात गेली, आजही वाईट वाटतं. म्हणून मिररसोबत ‘गिट एलएफएस फेच --ऑल’ चालवाच.

गिटहब अ‍ॅक्शन्सच्या (चाचण्या वगैरे आपोआप चालवण्याच्या सोयीच्या) फायली गिटलॅबवर चालत नाहीत, त्या नव्यानं लिहाव्या लागतील. सीक्रेट्स (तिथे साठवलेले पासवर्ड, किल्ल्या) परत वाचता येत नाहीत, त्यांची नोंद स्वतंत्र ठेवा. येत्या रविवारी रिकाम्या प्रोजेक्टवर एकदा सगळं उतरवून बघा.