विंडोज १० व्यवस्थित चालत असताना विंडोज ११ वर जावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉप विंडोज १० वर विनातक्रार चालतो, त्यात हिशेबाचे एक जुने सॉफ्टवेअर आहे आणि विंडोज ११ ची सूचना सारखी समोर येते. मित्रांचे म्हणणे, चालत्या गाडीला खीळ घालू नये. एका परिचितांचे म्हणणे, बटण दाबा, तासाभरात होऊन जाते, त्यात विचार करण्यासारखे काहीच नाही. माझ्या मते मित्र चुकत आहेत, पण ते परिचित अधिक चुकत आहेत, आणि हे उत्तर मी मुख्यतः त्या परिचितांमुळे लिहीत आहे.

मित्रांचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवता येतात, पण ती मुदतवाढ आहे, उपाय नव्हे. संगणक चालतो आहे याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही. विंडोज ११ साठी दर महिन्याला जी दुरुस्ती निघते, तिचा अभ्यास करून कोणती फट बुजवली गेली हे हल्लेखोर शोधून काढतात, आणि दोन्ही आवृत्त्यांचा पाया बराचसा एकच असल्यामुळे तीच फट जुन्या आवृत्तीत उघडी राहिलेली असू शकते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांसह जगभर जे संगणक अडकले, त्यांतील बहुतेक विंडोज ७ वरचे होते, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न टाकलेले होते. आदल्या दिवशीपर्यंत तेही विनातक्रार चालतच होते. आपण त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करत असाल, तर मुदतवाढ संपल्यावर विंडोज १० वर राहणे मला मुळीच मान्य नाही.

आता त्या ‘बटण दाबा’विषयी.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, निवृत्तीनंतर आपल्या साठवलेल्या निगेटिव्ह स्कॅन करण्याच्या मागे लागले होते. त्यांच्याकडे एक चांगला फिल्म स्कॅनर होता, पण उत्पादकाने ते मॉडेल केव्हाच बंद केले होते आणि त्याचा शेवटचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते यंत्र चालवता यावे यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, ३२-बिट या विंडोजच्या जुन्या प्रकारासाठीच निघाला होता, नव्या ६४-बिट प्रकारासाठी नाही. अण्णांच्या संगणकावर ३२-बिट विंडोज ७ होते. १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा सपोर्ट संपणार होता, आणि त्याच्या काही आठवडे आधी माझे साडू, जे संगणकाच्याच क्षेत्रात नोकरी करतात, ६४-बिट विंडोज १० चा पेनड्राइव्ह तयार करून घरी आले.

त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती पोकळ नव्हती. सपोर्ट खरोखरच संपत होता. संगणकात ८ जीबी रॅम होती, आणि ३२-बिट विंडोज ७ ला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही, त्यामुळे निम्मी रॅम पडून होती. मात्र ३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने टाकावे लागते. त्यांचा बेत असा होता की फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवायच्या, सी ड्राइव्ह पुसायचा आणि नवे विंडोज टाकायचे. ‘अहो, एका संध्याकाळचे काम आहे,’ असे ते म्हणाले.

मी विचारले की स्कॅनरचा ड्रायव्हर ६४-बिटमध्ये मिळतो का. त्यांचे उत्तर असे की विंडोज १० सगळे आपोआप शोधून घेते, आणि ३२-बिट प्रोग्रॅम तर ६४-बिट विंडोजवर चालतातच. हा गैरसमज जाणकार माणसांचाही होतो, म्हणून इथे थोडे थांबतो. साधे ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर चालतात, कारण त्यांच्यासाठी विंडोजमध्ये वेगळी सोय ठेवलेली आहे. ड्रायव्हरची गोष्ट निराळी आहे. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसून काम करतो, आणि ६४-बिट कर्नल ३२-बिट ड्रायव्हर आत घेतच नाही. तिथे कोणतेही सेटिंग बदलून उपयोग नसतो. उत्पादकाने ६४-बिट ड्रायव्हर लिहिला नसेल, तर त्याच्या दृष्टीने ते यंत्र संपलेले असते.

हे मी सांगितल्यावर साडू सगळ्यांसमोर म्हणाले की तुम्हाला नव्याची भीती वाटते. ते वाक्य माझ्या मनाला लागले आणि अजूनही लागून आहे. मी नव्या विंडोजला विरोध करतच नव्हतो. मी एवढेच म्हणत होतो की जुनी डिस्क पुसू नका. एक नवी एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क लावा, नवे विंडोज तिच्यावर टाका, आणि स्कॅनर चालतो की नाही ते पाहून मग जुन्या डिस्कचे काय करायचे ते ठरवा. बरीच वादावादी झाल्यावर ते तयार झाले.

संगणकाचे झाकण उघडल्यावर ते दोन्ही डिस्क जोडून ठेवूनच नवे विंडोज टाकायला निघाले होते. मी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. विंडोजच्या इन्स्टॉलरची ही जुनी खोड आहे: दुसरी डिस्क जोडलेली दिसली की तो संगणक सुरू करण्यासाठी लागणाऱ्या फायली पुष्कळदा तिच्यावर ठेवून देतो, आणि मग दोन्ही डिस्क एकमेकींत अशा अडकतात की एक काढली तर दुसरी सुरू होत नाही. जुनी डिस्क जशी होती तशी राहावी यासाठी ती केबल काढणे आवश्यक होते.

नवे विंडोज झपाट्याने बसले. ध्वनी, नेटवर्क, प्रिंटर, सगळे त्याने ओळखले. साडूंच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते. मग आम्ही स्कॅनर चालू केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावाची ओळ न येता ‘अननोन डिव्हाइस’ आणि शेजारी पिवळा त्रिकोण एवढेच आले, आणि उत्पादकाच्या सीडीवरच्या इन्स्टॉलरने विंडोजची ही आवृत्ती चालणार नाही असे सांगून काम थांबवले. साडू रात्री उशिरापर्यंत इंटरनेट धुंडाळत होते. शेवटी म्हणाले, ‘नवा स्कॅनर घेऊन टाकू.’

अण्णा तोवर एक शब्दही बोलले नव्हते. त्यांच्या हातात स्कॅनरची फिल्म-पट्टी होती, जिच्यात सहा फ्रेमचा तुकडा बसवून ती आत सरकवावी लागते. ते म्हणाले की निम्म्या निगेटिव्ह या यंत्रातून गेल्या आहेत, आता यंत्र बदलले तर उरलेल्यांचे रंग वेगळे येतील. मग त्यांनी एक वही आणून दाखवली. कोणत्या कंपनीच्या फिल्मला किती एक्स्पोजर द्यायचे, निळा किती कमी करायचा, हिरवा किती, हे सगळे त्यांनी रोलनिहाय लिहून ठेवले होते. त्या संध्याकाळी संगणकाचे काय करायचे यावर घरातील प्रत्येकाने मत दिले होते. त्यांना मात्र कोणी विचारलेच नव्हते.

आम्ही संगणक बंद केला, जुन्या डिस्कची केबल पुन्हा लावली आणि सुरू होताना बूट मेनूतून, म्हणजे कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते विचारणाऱ्या यादीतून, जुनी डिस्क निवडली. स्कॅनरचा दिवा लागला आणि सॉफ्टवेअरने तो ताबडतोब ओळखला. तेव्हापासून अशी व्यवस्था झाली की जुन्या विंडोजचे नेटवर्क पूर्ण बंद, तिथे फक्त स्कॅनिंग. बाकी सगळे नव्या विंडोजमध्ये. अशी व्यवस्था कोणी करणार असेल, तर नव्या विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (बंद होताना स्थिती डिस्कवर साठवून पुढच्या वेळी लवकर सुरू होण्याची सोय) बंद करावे, नाहीतर दोन प्रणाली एकाच डिस्कवर आळीपाळीने लिहू लागल्यावर फायली बिघडण्याचा धोका असतो. जुन्या स्कॅनरांना नव्या प्रणालीत चालवणारे इतरांचे प्रोग्रॅमही मिळतात आणि अनेकांचे काम त्यांवर भागते. अण्णांना मात्र वहीतले आकडे ज्या सॉफ्टवेअरसाठी होते, तेच हवे होते. त्यांनी उरलेल्या सगळ्या निगेटिव्ह त्याच रंगांत पूर्ण केल्या.

साडू आजही म्हणतात की एकदाच नवा स्कॅनर घेतला असता तर हा खटाटोप वाचला असता, आणि बॅकअपवाचून कोणाचे काही अडत नाही. दुसऱ्या विधानाला माझे उत्तर ऑक्टोबर २०१८ चे आहे. विंडोज १० च्या त्या महिन्यातील मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायली पुसून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिले. ज्या कंपनीने ती प्रणाली लिहिली, तिच्याकडूनही असे होते. तेव्हा डिस्कची प्रत काढून ठेवणाऱ्याला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे, आणि हे मी साडूंना त्यांच्या तोंडावर सांगितले आहे. पहिल्या विधानाला तर उत्तर द्यायलाच नको, कारण स्कॅनर त्यांचा नव्हता.

आता आपल्या लॅपटॉपकडे येतो. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्याखाली अबाउट उघडून आपले विंडोज ३२-बिट आहे का ते आधी पाहा. विंडोज ११ ३२-बिटमध्ये निघालेलेच नाही. त्यामुळे तसे असेल तर आपली गत अण्णांसारखीच आहे आणि सगळे नव्याने टाकावे लागेल. ६४-बिट असेल तर मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक चालवा, लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र आहे का ते हा प्रोग्रॅम सांगतो. इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही असे उत्तर आले तर लगेच निराश होऊ नका. ते पुष्कळदा असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेले असते, आणि तिथे त्याचे नाव इंटेलवर पीटीटी व एएमडीवर एफटीपीएम असे दिसते. लॅपटॉप खरोखरच अपात्र असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत) बदल करून अट चुकवण्याच्या युक्त्या वापरू नका. अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ या आवृत्तीपासून काही जुन्या प्रोसेसरांवर विंडोज ११ सुरूच होत नाही.

आपल्या बाबतीत खरा प्रश्न हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आहे. ते ज्यांनी दिले त्यांच्याकडून विंडोज ११ वर चालते असे लेखी घ्या, तोंडी नको. त्याला यूएसबीत लावायचा डोंगल, म्हणजे परवाना तपासण्यासाठीची छोटी किल्ली, असेल तर विशेष सावध राहा, कारण डोंगललाही ड्रायव्हर असू शकतो, आणि तो जुना असेल तर विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी ही कर्नलचे रक्षण करणारी सुरक्षा त्याला अडवू शकते. याची चाचणी आजच घेता येते: विंडोज १० मध्येच विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असे जाऊन मेमरी इंटिग्रिटी चालू करून पाहा, न जुळणारे ड्रायव्हर असतील तर त्यांची यादी समोर येते.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला बहुधा जागा नसते, म्हणून बाहेरच्या डिस्कवर संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसह सगळ्याची हुबेहूब प्रत, काढा आणि हिशेबाच्या फायलींचा वेगळा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का ते पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. अपग्रेडनंतर मागे जाण्याची सोय विंडोजमध्येच असते, पण ती १० दिवसांपुरतीच, आणि त्या काळात डिस्क क्लीनअप करताना ‘आधीचे विंडोज’ पुसले तर तीही जाते. हिशेबाचे वर्ष बंद करण्याच्या किंवा विवरणपत्र भरण्याच्या धावपळीत हे काम काढू नका. मोकळा आठवडा निवडा, आणि त्या १० दिवसांत सॉफ्टवेअरमधले प्रत्येक नेहमीचे काम, विशेषतः छपाई, एकदा करून पाहा.

एक गोष्ट राहिली होती. डिस्क बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या विंडोजच्या सोयींनी कुलूपबंद असेल, तर बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. टीपीएमचे सेटिंग बदलल्यावर लॅपटॉप सुरू होताना ती मागितली जाऊ शकते, आणि ती हाताशी नसेल तर आतल्या फायली आपल्याला स्वतःलाही उघडता येत नाहीत.