आजी "लोणी आलं" का म्हणते?

चिनू बाळा,

काल टोस्टवर बटर लावताना तू विचारलंस, "आई, आजीनं व्हिडिओवर दाखवलेलं लोणी पांढरं, मग आपलं बटर पिवळं का? आणि आजी 'लोणी केलं' न म्हणता 'लोणी आलं' का म्हणते?" शाळेची घाई होती, म्हणून आता लिहिते.

रंगाचं सोपं आहे. इथल्या गाई हिरव्या गवतावर चरतात. गवतातलं कॅरोटीन दुधाच्या स्निग्धांशात उतरतं, म्हणून बटर पिवळं. आजीकडे लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी आहेत. म्हैस कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र.

आता 'आलं'चं. आपल्याकडे साय विरजतात आणि ते दही घुसळतात. आजी पहाटे डेरा घुसळखांबापाशी मांडायची, रवीला दोरीचे वेढे द्यायची आणि दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायची. मी अंथरुणातून ऐकत असायचे. आधी घुर्र घुर्र असा मोकळा आवाज, मग तो जडावायचा. स्निग्ध कणांवरचं पातळ आवरण फुटून ते एकमेकांना चिकटायला लागले, की असं होतं. आजी वाकून बघायची, तर रवीवर खसखशीएवढे दाणे! "आलं गं," म्हणायची. थंडीत ती कोमट पाणी घालायची, उन्हाळ्यात माठातलं गार. ते जमलं नाही तर हात भरून येतात, पण लोणी येत नाही. म्हणून 'केलं' म्हणायला तिची जीभ रेटत नाही.

मग गार पाण्यात हात बुडवून गोळा काढायची. ओल्या हाताला लोणी चिकटत नाही. आंबट होऊ नये म्हणून ते दोन-तीन पाण्यांनी धुवायची आणि सुपारीएवढा गोळा माझ्या तळहातावर ठेवायची. ज्वारीच्या शिळ्या भाकरीवर तो पसरायचा, वर मिठाची चिमूट. खाऊन होईपर्यंत शेजारच्या काकू तांब्या घेऊन दारात. ताकाचे पैसे आजीनं कधी घेतले नाहीत. ताक विकायचं नसतं, असं तिचं ठाम मत. मलाही तेच पटतं.

आपल्या दुकानातल्या दुधावर साय धरत नाही, कारण त्यातले स्निग्ध कण यंत्रानं बारीक फोडलेले असतात. तसं न फोडलेलं दूध शनिवारच्या बाजारात मिळतं. ते आणू, साय साठवू. रवी माझ्याकडे आहे, लग्नात आजीनंच दिलेली. दोरी तू ओढ.

तुझी,
आई